मामाच्या ऑफिसातला सर्व्हर: लहान, स्वस्त आणि वऱ्हाडच्या उन्हात टिकणारा

या भागात जे बोललो त्याचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवले आहेत.

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. "दादा, घरी किंवा ऑफिसात लहानसा सर्व्हर ठेवायचा आहे, पंधरा-वीस हजारांत बसेल असा. कोणता घेऊ?" एकाने तर तीन मॉडेलचे स्क्रीनशॉट पाठवले आणि खाली लिहिलं, "जास्त नका सांगू, फक्त बोट ठेवा."

बोट ठेवतो. पण आधी एक सांगून टाकतो. मी आधी एकदा असंच बोट ठेवलं होतं आणि ते चुकलं होतं. त्याची किंमत माझ्या मामाने मोजली. म्हणून आज ती गोष्ट आधी, मॉडेल नंतर.

मी अमरावतीचा. बी.टेक. झालं, काही वर्षं पुण्यात नोकरी केली, आता घरूनच काम करतो. मामा अकोल्याचे, करसल्लागार. लहानसं ऑफिस आहे, पाच कॉम्प्युटर. गिऱ्हाईक म्हणजे डाळमिलवाले, कापड दुकानदार, कृषी केंद्रवाले. सगळ्यांचा टॅलीचा डेटा ऑफिसातल्या ऑपरेटर ताईंच्या कॉम्प्युटरवर शेअर केलेला होता. ताईंनी मशीन रिस्टार्ट केलं की बाकीचे चौघं हात बांधून बसायचे. २०२२ च्या दिवाळीत मी गेलो तेव्हा हे पाहिलं आणि भाच्यातला इंजिनिअर जागा झाला.

माझ्याकडे एक रास्पबेरी पाय ४ पडून होता. त्याला एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क लावली, सांबा टाकलं, शेअर केलेला फोल्डर सगळ्यांना दिसू लागला. मामांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "एवढ्याश्या डबीत माझं सारं ऑफिस मावते काय रे?"

"हाव मामा, मावते."

मावलंही. हिवाळाभर मस्त चाललं. मग आला आपला मे महिना. अकोल्याचा मे म्हणजे काय ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. ती डबी मी राउटरखालच्या लाकडी ड्रॉवरमध्ये ठेवली होती, दिसायला बरं दिसते म्हणून. ड्रॉवर बंद.

१८ मे २०२३, दुपारची वेळ. लाइट गेली, आली, परत गेली, परत आली. दहा मिनिटांत तीन वेळा. त्यानंतर फोल्डर काही उघडेना. मी अमरावतीहून फोनवर, "ताई, वायर काढून परत लावा." त्यांनी लावली. डिस्कमधून टकटक आवाज. संध्याकाळी मी अकोल्याला पोचलो तोवर डिस्क दिसणंच बंद झालं होतं.

मी निर्धास्त होतो, कारण रात्री दोन वाजता बॅकअप घेणारी स्क्रिप्ट मी लिहून ठेवली होती. ती रोज इमानदारीने कॉपी काढत होती. कुठे? त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये. मंडळी, बी.टेक. झालेला माणूस ही चूक करतो. घाईत केलं होतं, "नंतर दुसरी डिस्क लावू" म्हणून, आणि ते नंतर कधी आलंच नाही.

वाचवलं कोणी? ऑपरेटर ताईंनी. त्या आपल्या सवयीने अधूनमधून पेन ड्राइव्हवर कॉपी काढत होत्या. शेवटची कॉपी ७ मेची. म्हणजे अकरा दिवसांच्या नोंदी गेल्या, आणि २० तारीख म्हणजे जीएसटीआर-३बी भरायची तारीख दोन दिवसांवर. तीन माणसं दोन रात्री बसली. बिलांचे गठ्ठे परत काढले, परत नोंदी केल्या. २० तारखेला रात्री अकराच्या सुमारास शेवटचं रिटर्न गेलं. मामा ओरडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "पोट्ट्या, गिऱ्हाइकाले मी काय सांगू? भाच्याची डबी तापली म्हणू?"

ते वाक्य मला लागलं. कारण तो डेटा मामांचाही नव्हता, लोकांचा होता. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायची असतात. सहा वर्षं. माझी व्यवस्था सहा महिने टिकली होती.

आता रास्पबेरी पाय वाईट आहे का? नाही. इंग्लंडातल्या केंब्रिजच्या मंडळींनी २९ फेब्रुवारी २०१२ ला तो बाजारात आणला, ३५ डॉलरला, मुलांनी प्रोग्रामिंग शिकावं म्हणून. वस्तू चांगली आहे. चूक मांडणीत होती. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर एवढाच करंट मिळतो. फिरणारी हार्ड डिस्क सुरू होताना एकटीच एक अँपिअरच्या आसपास ओढते. म्हणजे सगळं आधीच काठावर चाललेलं. वर बंद ड्रॉवर, वर लाइटची ये-जा. पायचा प्रोसेसर ८० अंशांच्या पुढे गेला की स्वतःचा वेग कमी करून स्वतःला वाचवतो. डिस्कला तसं काही जमत नाही.

त्यानंतर मी मॉडेल शोधणं बंद केलं आणि वही घेऊन मामांसमोर बसलो. तुम्हीही खरेदीच्या आधी हेच करा. चार प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न, काम काय आहे? मामांकडे टॅलीचा सगळा डेटा १८ जीबी आणि स्कॅन केलेली कागदपत्रं साधारण २०० जीबी. वापरणारे पाच जण. टॅलीचा प्रोग्राम प्रत्येकाच्या विंडोज मशीनवरच चालतो, सर्व्हरवर फक्त डेटाचा फोल्डर. म्हणजे प्रोसेसरला जवळपास कामच नाही. ट्रकची गरज नव्हती, ॲपेत भागत होतं. बरेच जण इथेच फसतात. ऑनलाइन जुना झिऑनवाला मोठा सर्व्हर बारा हजारांत दिसतो, सोळा कोअर, चौसष्ट जीबी रॅम. मोह होतो. पण पाच माणसांना फायली द्यायला सोळा कोअर कायले पाहिजेत?

उलट, जिथे पैसा लागतो तिथे कोणी पाहत नाही: वायर आणि स्विच. जुना स्विच १०० एमबीपीएसचा असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त बारा एमबी मिळणार. गिगाबिट स्विच लावला की तेच ११० च्या आसपास जाते. आणि वायरमध्ये आठही तारा जोडलेल्या आहेत ना ते पाहा. काही ठिकाणी चारच जोडतात, मग गिगाबिट स्विचवरही वेग १०० वरच राहतो. हिशेबाच्या डेटासाठी वायफाय टाळा. नोंद सेव्ह होताना सिग्नल गेला की डेटा बिघडायची भीती असते.

दुसरा प्रश्न, वीज किती खाणार? सर्व्हर चोवीस तास चालतो, म्हणून हा हिशेब लक्षात ठेवा: जितके वॅट, त्याला ८.७६ ने गुणा, वर्षाचे युनिट निघतात. जुना डेस्कटॉप ६० वॅट घेत असेल तर वर्षाला ५२६ युनिट. १०० वॅटचा तो झिऑनवाला ८७६ युनिट. लहान मिनी पीसी ११ वॅट, म्हणजे ९६ युनिट. हिशेबाला सोपं म्हणून युनिटला दहा रुपये धरा. डेस्कटॉपचं बिल ५,२६० आणि मिनी पीसीचं ९६०. "घरात पडलेला डेस्कटॉप फुकट आहे" असं आपण म्हणतो, पण तो दर वर्षी चार हजारांहून जास्त मागतो. पंख्यातून गरम हवा फेकतो ती वेगळी.

तिसरा प्रश्न, ठेवणार कुठे? हा प्रश्न कोणत्याच परदेशी यूट्यूबरच्या व्हिडिओत नसतो, कारण त्यांच्याकडे ना अकोला आहे ना कूलर. उन्हाळ्यात खोलीच चाळिशीच्या आसपास असेल तर मशीन त्याच्या वरच राहणार. कपाटात, ड्रॉवरमध्ये, माळ्यावर ठेवू नका. गरम हवा वर जाते, म्हणून मशीन टेबलाच्या उंचीवर, चारी बाजूंनी मोकळं ठेवा. आणि कूलरच्या समोर तर अजिबात नाही. कूलरची हवा ओलसर असते, कधी बारीक शिंतोडेही येतात. आपल्याकडच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर कूलरच्या ताट्यांवर कसा चढतो ते पाहिलंय ना? तसाच सर्किटवर चढला तर काय होईल, विचार करा. जिनिंगच्या जवळ असाल तर कापसाचे बारीक तंतू पंख्यात अडकतात. दोन-तीन महिन्यांनी ब्रशने साफ करायचं, बस.

चौथा प्रश्न, लाइट गेली तर? यूपीएस पाहिजेच, आणि तो यूएसबीचं पोर्ट असलेला घ्या. साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं टिकतो आणि मग सर्व्हर झटक्यात बंद होतो, म्हणजे संकट फक्त पंधरा मिनिटं पुढे ढकललं. यूएसबीची वायर जोडून नेटवर्क यूपीएस टूल्स हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की बॅटरी उतरत आली हे सर्व्हरला कळतं आणि तो स्वतः नीट बंद होतो. बायोसमध्ये एक सेटिंग असते, वीज परत आली की आपोआप सुरू होण्याची. ती चालू करा. नाहीतर सकाळी साडेनऊला फोन येणार, "दादा, सर्व्हर बंद आहे." राउटर आणि स्विचही त्याच यूपीएसवर घ्या.

आता बोट ठेवतो.

खिशात काहीच नसेल आणि घरापुरतंच करायचं असेल तर जुना लॅपटॉप. वीज कमी खातो, आणि बॅटरी हाच त्याचा यूपीएस. झाकण बंद केल्यावर झोपणार नाही अशी सेटिंग करा. बॅटरी फुगते का ते मात्र महिन्यातून एकदा हात लावून पाहा. फुगली तर तो लॅपटॉप लगेच बंद करा. घरच्यांचे फोटो गोळा करायला, इमिच नाहीतर जेलीफिन चालवून पाहायला, शिकायला, एवढं पुष्कळ आहे.

लहान ऑफिससाठी माझं उत्तर म्हणजे वापरलेला मिनी पीसी. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी, यातला कोणताही. जाडजूड पुस्तकाएवढा आकार. हे स्वस्त का मिळतात? विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच चालतं, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी सहाव्या-सातव्या पिढीची चांगली चालती मशीनं काढून टाकली. आपल्याला तर त्यावर डेबियन लिनक्स टाकायचं आहे, त्याला काहीच अडचण नाही. घेताना चार्जर त्याच कंपनीचा आहे ना, बायोसला पासवर्ड नाही ना आणि आत एसएसडी बसायला दोन जागा आहेत ना, हे तपासून घ्या.

नवीनच पाहिजे, वॉरंटी पाहिजे, तर इंटेल एन१०० वाला मिनी पीसी. २०२३ च्या सुरुवातीला आलेली चिप, चार कोअर, कंपनीने दिलेली मर्यादा ६ वॅटची. फायलींसाठी भरपूर झाला. आणि तुमच्या ऑफिसात लिनक्स समजणारं कोणीच नसेल, भाचाही नसेल, तर दोन डिस्कचा तयार नॅस घ्या. महाग पडतो, डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात, पण सगळं ब्राउझरमधून चालतं. दर वेळी कोणाला बोलवायचा खर्चही खर्चच असतो.

मामांकडे काय केलं? वापरलेला मिनी पीसी ९,५०० ला, एक टीबी एसएसडी ४,५००, यूएसबीवाला यूपीएस ४,०००, गिगाबिट स्विच १,५००. एकूण १९,५००. हे २०२३ चे भाव आहेत, आजचे तुम्ही पाहून घ्या. तेव्हापासून त्याने २०२४ आणि २०२५ असे दोन पूर्ण उन्हाळे काढले. ऐन मेमध्येही प्रोसेसर ७० अंशांच्या आसपास असतो, त्याला ते सहज झेपते.

पण मंडळी, एवढं करून मी थांबलो असतो तर १८ मेची गोष्ट परत घडली असती. कारण एसएसडीही एक दिवस मरणार. दोन डिस्क रेडमध्ये लावल्या तरी कोणी चुकून फोल्डर उडवला तर तो दोन्हीकडून उडतो. आणि व्हायरस आला तर? १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं खंडणी मागणारं व्हायरस दीडशेच्या आसपास देशांत पसरलं, ते विंडोजच्या याच फाइल शेअरिंगमधल्या एका भोकातून. मायक्रोसॉफ्टने ते भोक मार्चमध्येच बुजवलं होतं, पण अपडेट करतो कोण? म्हणून सांबामध्ये शेअरिंगची जुनी पहिली आवृत्ती बंद ठेवा, आणि फाइल शेअरिंगचं पोर्ट राउटरवरून बाहेर इंटरनेटला कधीच उघडू नका.

मग बॅकअप कुठे? इथे तो जुना रास्पबेरी पाय परत कामाला आला. त्याला आता वेगळा वीजपुरवठा असलेली डिस्क लावली आणि तो माझ्या घरी, अमरावतीला ठेवला. रोज रात्री अकोल्याहून रेस्टिक नावाचं सॉफ्टवेअर दिवसभरात बदललं तेवढंच कुलूप लावून, म्हणजे एनक्रिप्ट करून, इकडे पाठवतं. मामांच्या गिऱ्हाइकाचे आकडे मलाही नुसते उघडून वाचता येत नाहीत. शिवाय ऑफिसातच एक वेगळी डिस्क आहे, जी ताई आठवड्यातून एकदा जोडतात आणि कॉपी झाली की काढून कपाटात ठेवतात. मूळ धरून तीन कॉपी, दोन वेगळ्या जागी, त्यातली एक दुसऱ्या गावात.

दोन गावं जोडताना एक अडचण आली, तुम्हालाही येईल. राउटरमध्ये तुमचा बाहेरचा आयपी पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तो पत्ता तुमचा एकट्याचा नाही, कंपनीने अनेकांना मिळून एक दिला आहे. बाहेरून थेट तुमच्या घरी येता येत नाही. अशा वेळी टेलस्केलसारखं वायरगार्डवर चालणारं साधन वापरा. दोन्हीकडची मशीनं आतून बाहेर फोन लावतात आणि मध्ये भेटतात, राउटरला काही भोक पाडावं लागत नाही.

आणि पहिली मोठी कॉपी? ती नेटवरून पाठवू नका. २० एमबीपीएसच्या अपलोडवर ५०० जीबी जायला सव्वादोन दिवस लागतात. आपल्या अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून गिनीज बुकात गेला, माहीत आहे ना? मग वापरा की तो रस्ता. डिस्क बॅगेत टाकली, बसमध्ये बसलो, दोन-अडीच तासांत सगळा डेटा अमरावतीत. ते बँडविड्थ कोणत्याच कंपनीच्या प्लॅनमध्ये नाही.

शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. मी उद्या बंगळुरूला गेलो, फोन बंद असला, तर? म्हणून मराठीत एक पान लिहिलं: सर्व्हर बंद कसा करायचा, सुरू कसा करायचा, बॅकअपमधून डेटा परत कसा आणायचा. पासवर्ड बंद पाकिटात, मामांच्या तिजोरीत. तो पासवर्ड हरवला तर कुलूप लावलेला बॅकअप कोणालाच उघडता येणार नाही, म्हणून कागदावर पाहिजेच.

मग एका रविवारी मी ताईंना म्हटलं, "समजा सर्व्हर मेला. मी काहीच बोलणार नाही. या कागदावरून तुम्ही डेटा परत आणा." त्यांनी मामांच्या एका जास्तीच्या कॉम्प्युटरवर सुरुवात केली. चौथ्या पायरीवर अडल्या. मी लिहिलं होतं, "मग नेहमीप्रमाणे डिस्क माउंट करा." त्या म्हणाल्या, "दादा, नेहमीप्रमाणे म्हणजे कसं?"

बरोबर होतं त्यांचं. ते नेहमीचं माझ्यासाठी होतं. तिथे बसून ती पायरी तीन ओळींत फोडून लिहिली. एक तास चाळीस मिनिटांत टॅलीत शुक्रवारची शेवटची नोंद दिसली. मामा मागे खुर्चीवर बसून सगळं पाहून रायले होते. म्हणाले, "आता मले झोप येईन." आता दर तीन महिन्यांनी आम्ही हा प्रयोग करतो, आणि दर वेळी त्या पानावर काहीतरी दुरुस्त होतं.

तर ज्याने तीन स्क्रीनशॉट पाठवले होते त्या भावाला सांगतो: तुझ्या तिन्हींतला दुसरा, वापरलेला मिनी पीसी, तो घे. पण पुढच्या मेसेजमध्ये मला मॉडेल नको पाठवू. बॅकअपमधून डेटा परत आणून पाहिला ती तारीख पाठव, आणि किती वेळ लागला तेही. बाकीच्यांनीही पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. आणि आज घरी गेल्यावर तुमचा बॅकअप नेमका कोणत्या डिस्कवर जातो, तेवढं एकदा उघडून पाहा.

चला, भेटू. पाणी पीत राहा, उन्हात फिरू नका.